घरगाडीचा नळ

मराठवाड्यातून परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटेल तो एकच विचारतो, "दुष्काळ पडलेला असताना तिकडं कशाला गेला होतात?" मी म्हणते, यांना विचारा. हे म्हणतात, गाडीला विचारा. तर आता गाडीपासूनच सांगते.

आमच्या यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. उघडता येईल अशी कोणतीही वस्तू दिसली की यांचे हात शिवशिवतात. पुण्याच्या एका गॅरेजात यांना एक जुनी गाडी दिसली. कुणी जर्मन जोडपं ती चालवत भारतापर्यंत आलं होतं, आणि परत जाताना विकून विमानानं गेलं. स्टिअरिंग भलत्या बाजूला, पत्र्याला गंज, पण आत सगळा संसार: दोन झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, कपाट, भांडी घासायची मोरी, पंखा, दिवे, टेपरेकॉर्डर आणि त्याचे कोपऱ्याकोपऱ्यात बसवलेले स्पीकर. हे मोरीपाशी उभे राहून म्हणाले, "बघ, चाकावरचं घर." मी म्हटलं, "पायाखालचं आहे ते आधी झाडून घ्यायला माणूस मिळत नाही." पण गाडी आलीच. आमच्या आळीनं तिचं नाव घरगाडी ठेवलं.

या गाडीची एक गंमत नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दिवे आणि पंखा गाडीच्या बॅटरीवर चालत. पण पाण्याचा पंप आणि टेप जुने झाले म्हणून पुण्याच्या मिस्त्रीनं काढून टाकले होते आणि त्या जागी घरच्या विजेवर चालणारे बसवले होते. म्हणजे मुक्कामाला पोचलं की कुणाच्या तरी घरातून लांब वायर ओढायची, दोन पायांचा प्लग भिंतीत घालायचा, मग नळाला पाणी यायचं आणि टेपमधून गाणं. पाण्याची मोठी टाकी गाडीच्या तळाशी, आणि तिचा एक नळ आत मोरीत, एक बाहेर मागच्या पत्र्याला. तिची खालची तोटी गंजून गळायला लागली तेव्हा मिस्त्रीनं ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कायमची बंद केली होती. वरून पाणी भरायचं तोंड होतं, पण त्यात अशी वाकडी जाळी की बोटसुद्धा आत जात नसे. वीज नसली की टाकीभर पाणी असून आम्ही कोरडे.

आणि नांदेडकडे का, तर यशवंतामुळे. यशवंत हदगाव तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तर. रेडिओच्या फर्माइशीत यांचं आणि त्याचं नाव एकदा एकाच गाण्याला लागोपाठ वाचलं गेलं. यांनी त्याला पोस्टकार्ड टाकलं, त्याचं आलं, आणि कितीतरी वर्षं ते चालूच राहिलं. एकमेकांचं तोंड मात्र पाहिलं नव्हतं. "वहिनींना घेऊन या, गावात आता लाइट आली आहे," असं त्यानं लिहिलं, आणि आम्ही निघालो.

लातूर

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. उस्मानाबाद’ खोडून त्यावर ‘जि. लातूर’ रंगवलेलं होतं, आणि कुठं कुठं जुनी अक्षरं खालून डोकावत होती. आमच्या आळीतल्या एका लिंगायत कुटुंबाचे जावई शिवलिंगअप्पा तिथं धान्याचे व्यापारी. त्यांच्या दुकानामागं आम्ही गाडी लावली, वायर ओढली, टेप लावला. गाणं काचेसारखं स्वच्छ.

"आता आम्ही जिल्ह्याची माणसं झालो बघा," अप्पा म्हणाले. "कलेक्टर आला, हापिसं आली, जागांचे भाव वाढले. पाणी तेवढं तालुक्याचं बी राहिलं न्हाई."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. सकाळी त्यांच्या घरी आंघोळीला गेले तर न्हाणीघरात बाज टाकलेली. बाजेखाली मोठं घमेलं. अप्पांच्या सूनबाईंनी सांगितलं, "बाजेवर बसून न्हायचं ताई. खाली पडलेलं पाणी आपल्याला धुण्याला लागतं. धुण्याचं पाणी मग फरशीला. फरशीचं राहिलं तर झाडाला." मी बाजेवर बसले, तांब्यानं पाणी घेतलं आणि माझ्या अंगावरून निथळलेला प्रत्येक थेंब खाली घमेल्यात पडताना ऐकत राहिले. आमच्याकडे कृष्णामाई आहे. पाण्याचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी आंघोळ अर्धीच सोडून बाहेर आले.

जेवायला येसरची आमटी आणि धपाटे होते, वर शेंगदाण्याची चटणी. यांनी आमटी इतकी ओरपली की अप्पांच्या सूनबाईंनी निघताना येसरच्या मसाल्याची पुडी बांधून दिली. ताटात मात्र कुणी हात धुतला नाही. सगळ्यांनी ओल्या फडक्याला बोटं पुसली.

चाकूर

चाकूरला चहाच्या हॉटेलमागं मुक्काम केला. हॉटेलातून वायर घेतली, प्लग घातला, टेप लावला, तर गाण्याच्या मागं घूंऽऽ असा आवाज. जणू गायिकेच्या मागं भुंगा बसलाय. हे म्हणाले, "टेपचं डोकं मळलंय." माझी कोलनची बाटली घेऊन कापसानं डोकं पुसत बसले.

मी हॉटेलच्या नळावर हात धुतले आणि चप्पल न घालताच दार उघडायला कडी धरली. कुणीतरी कोपरावर लाकूड मारावं तसा झटका बसला आणि मी मटकन खाली बसले.

"काय झालं?" हे आतून.

"तुमच्या गाडीनं मला मारलं."

"भास असेल," असं म्हणत हे खाली उतरले, कडीला हात लावला आणि यांची टोपी उडाली. मी हसले असते, पण मी अजून कोपर चोळत होते.

मग यांनी टेस्टर काढला. पत्र्याला लावला की त्यातला दिवा पेटायचा. कडी, नळ, चाकावरचा पत्रा, सगळीकडं दिवा. हे पंखा खोलून बसले, दिवे खोलले, टेप खोलला. शेवटी फळीमागं उंदरानं कुरतडलेली एक वायर सापडली. तिला चिकटपट्टी गुंडाळून यांनी जाहीर केलं, "सापडला चोर." वायर काढून घेतली, पसारा आवरला आणि आम्ही निघालो.

नांदेड

नांदेडला गाडीनं अगदी शहाण्यासारखं केलं. धर्मशाळेतून वायर घेतली. पत्र्याला करंट नाही, गाण्यात भुंगा नाही. यांनी दोन्हीचं श्रेय स्वतःकडं घेतलं: करंट चिकटपट्टीनं गेला आणि भुंगा माझ्या कोलननं. मीही मानलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलं की काही गोष्टी मानाव्याच लागतात.

गुरुद्वारात लंगरला बसलो. दाल इतकी दाट की पोळी त्यात उभी राहावी. गोदावरी बघायला गेलो तर घाटाच्या पायऱ्या उतरता उतरता संपेनात, आणि खाली नदी म्हणून जे होतं ते पाहून मी पदर तोंडाला लावला. इतकी मोठी नदी इतकी लाजून बसलेली मी पाहिली नव्हती. धर्मशाळेच्या म्हाताऱ्या राखणदारानं आमची टाकी तुडुंब भरून दिली. "भरून घ्या," तो म्हणाला. "म्होरं न्हाई भेटायचं."

हदगावच्या अलीकडं

यशवंताच्या गावी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दोन्ही बाजूंना कापसाच्या करपलेल्या काड्या. गावाच्या तोंडाशी विचारलं, तर एका माणसानं गाडीकडं खालीवर बघितलं आणि हात केला, "मास्तरचं घर बौद्धवाड्यात. शेवटाला."

गाडी त्या आळीत वळली आणि एक बाई ओरडली, "टँकर आला गं बयो."

कुठून कुठून बाया धावत आल्या. पितळी घागरी, पत्र्याचे डबे, कळशा, एकीच्या हातात तर लहान मुलाची बादली. आम्ही थांबायच्या आत गाडीच्या मागच्या बाजूला रांग लागली. त्यांनी नळ पाहिला होता. मी खिडकीतून बघत होते, आणि मला काहीच कळत नव्हतं.

यशवंत शाळेतून पळत आला. किडकिडीत, चष्म्याचा, हसरा. यांना "जय भीम, भाऊ" म्हणाला, मिठी मारली, आणि मग रांग बघून त्याचं हसू गेलं. "अहो, टँकर न्हाई ह्यो," तो बायांना सांगू लागला. "माझे पाव्हणे हायेत. घरगाडी हाय."

रांगेच्या पुढं त्याची आई होती, रुखमाबाई. केस पिकलेले, पाठ ताठ. तिनं गाडीला एकदा बघितलं आणि घागर कमरेवरून खाली ठेवली. "टँकर आमच्या आळीत कधी आलाच न्हाई," ती मला म्हणाली. "टँकर तिकडं मारुतीपुढच्या हिरीत रिकामा करतेत. त्यांचं भरून झालं की मग आम्हाला कुणी शेंदून वतलं तर वतलं. म्हणून वाटलं, नवीन निघालं असंल. तिकडं लातूरला नवा जिल्हा झाला म्हणतेत, तसं आपल्याला नवा टँकर."

हे तिनं रागानं सांगितलं नाही. यशवंतानं इतक्या पोस्टकार्डांतून गाण्यांबद्दल लिहिलं होतं, शाळेबद्दल लिहिलं होतं, हे कधी लिहिलं नव्हतं.

बाया परत फिरायला लागल्या होत्या. तेव्हा हे म्हणाले, "थांबा. पाणी आहे गाडीत. टाकी भरलेली आहे."

आपण काय पिणार, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण यशवंताच्या घरातून वायर ओढायला मीच हात लावला.

प्लग घातला, पंप घरघरला आणि बाहेरच्या नळाला धार लागली. टेपचं बटण चालूच राहिलं होतं, त्यामुळं गाणंही लागलं, मागं भुंग्यासकट. बाया हसल्या. पाण्याबरोबर गाणं फुकट, असं कुणीतरी म्हणालं. पहिलीची घागर भरली, दुसरीची भरली. मी रुखमाबाईनं दिलेलं पायावरचं पाणी परातीत उभी राहून घेत होते आणि रांगेकडं बघत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रत्येक बाई नळाशी गेली की एकदा दचकते. दचकते, ओठ आवळते आणि घागर तशीच धरून उभी राहते. एकीनं हाताला पदर गुंडाळला. दुसरी पाय बदलत उभी राहिली. रांगेतून मागं निरोप गेला, "झटका देतंय, पन पानी गोड हाय."

मी परातीतून उतरून पळाले. नळाशी यशवंताची बायको कमल होती, आठवा महिना लागलेली. दोन्ही हातांनी घागर नळाला धरलेली आणि कोपरापासून थरथरत होती. घागर अर्धी झाली होती. तिनं ती सोडली नाही.

मी किंचाळले. यांनी प्लग ओढला. पंप बंद, गाणं बंद, धार तुटली.

कमल हळूच घागर खाली ठेवून बसली. थेंब सांडला नव्हता.

"सोडलीस का नाहीस?" मी तिला धरून विचारलं.

"सांडलं असतं," ती म्हणाली.

मागून एक बाई म्हणाली, "का बंद केलं? चालू ऱ्हाऊ द्या. लागतंय तर लागू द्या आम्हाला."

आणि सगळ्या तेच म्हणायला लागल्या. आम्हाला चालतंय. एवढ्यानं काय होतंय. जरा मुंग्या येतेत. कुणी भीक मागत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. आठवड्याच्या बाजारात मिरची तिखट असली तरी घेतो, तसं ते बोलणं होतं. माझे कान गरम झाले. यांच्याकडं बघितलं तर हे हातातल्या प्लगकडं बघत होते आणि यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही," हे म्हणाले. "आधी दुरुस्त करतो."

"दिवस कलला की लाइट जाती भाऊ," यशवंत म्हणाला. "मग उद्याच."

रुखमाबाई कमलपाशी बसली होती. तिनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "हालतंय का?" कमलनं मान हलवली. नाही.

मी ते ऐकलं. यशवंतानंही ऐकलं. तो तिथंच भिंतीला टेकला.

"हदगावला दवाखान्यात नेऊ," हे म्हणाले. "गाडी आहे."

"जरा थांबा," रुखमाबाई म्हणाली. "घाबरलं असंल. दम खाऊ द्या." मग कमलला उठवून घरात नेऊन डाव्या कुशीवर निजवलं. कमल जाता जाता मागं वळून म्हणाली, "माझी घागर अर्धीच हाय. नंबर जाईल माझा."

हे गाडीखाली शिरले. लांबी भरलेली तोटी फोडून काढावी असं एकदा वाटलं, पण एकदा फुटली की बंद होणार नव्हती, सगळं पाणी घागरीत कमी आणि मातीत जास्त गेलं असतं. वरच्या तोंडातून रबरी नळी घालावी तर जाळी. पंप खोलला, पंप बरा होता. पट्टी मारलेली वायर बघितली, तीही बरी. घामानं शर्ट अंगाला चिकटला. बाया सावलीला बसून राहिल्या, रांग मात्र घागरींची तशीच उभी होती. आळीतली सावली लांब व्हायला लागली.

माझं डोकं चालत नव्हतं, पण कान चालत होते. मला ते गाणं आठवत होतं, भुंग्यासकटचं. "अहो," मी वाकून गाडीखाली म्हटलं, "गाणं घुमत होतं. चाकूरलाही असंच घुमत होतं. लातूरला नाही, नांदेडला नाही. जिथं गाणं घुमतं तिथंच गाडी मारते."

हे गाडीखालून बाहेर आले. माझ्याकडं बघत राहिले. मग यशवंताच्या घरात गेले, आणि प्लग उलटा करून घातला. इतकंच. दोन पायांचा प्लग, तो कसाही जातो.

गाणं सुरू झालं. स्वच्छ. यांनी टेस्टर पत्र्याला लावला, दिवा पेटला नाही. नळाला लावला, पेटला नाही.

नंतर यांनी मला समजावलं ते असं: पुण्याच्या मिस्त्रीनं जमिनीत जायची तिसरी तार ओढलीच नव्हती. तिच्याऐवजी त्यानं विजेच्या दोन तारांपैकी एकीला एक तुकडा जोडून तो थेट गाडीच्या पत्र्याला नेला होता. प्लग एका बाजूनं गेला तर कुणाला काही कळत नसे. उलटा गेला की अख्खी गाडी म्हणजे विजेची तार. आम्ही साताऱ्यापासून नशिबावर प्लग घालत आलो होतो.

पण हे नंतर. तेव्हा प्रश्न होता की नळाला हात कोण लावणार. बाया उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पहिली पुढं आलीही होती. यांच्या टेस्टरवर माझा चाकूरपासून विश्वास नव्हता. मी तिला मागं सारलं, चप्पल काढल्या, हात ओला केला आणि नळ मुठीत धरला. काही झालं नाही. नुसता थंड नळ.

तरी यांनी आणखी एकदा प्लग काढायला लावला आणि ती जोडलेली तार तोडूनच टाकली. मग रांग पुढं सरकली. कमलची अर्धी घागर मी सगळ्यांत आधी भरली. कुणी हरकत घेतली नाही.

बाया भरत असताना हे माझ्या कानाशी आले आणि नळाखालच्या मातीकडं बोट दाखवलं. माती भुरभुरीत कोरडी होती. इतक्या घागरी भरून झाल्या तरी तिथं ओल नव्हती.

"जमीन कोरडी म्हणून नुसत्या मुंग्या आल्या," हे म्हणाले. यांचा आवाज मला ओळखू येईना. "आपल्याकडं असतं तर नळाखाली चिखल झाला असता. त्या चिखलात उभी राहून तिनं घागर धरली असती तर ती तिथंच गेली असती. या बायांनी थेंब सांडू दिला नाही, म्हणून जगल्या."

मी वाकून नळाखालची माती चिमटीत घेतली.

घरात रुखमाबाईनं नव्या पाण्याचा तांब्या भरून कमलच्या हातात दिला. कमलनं दोन घोट घेतले आणि सवयीनं तांब्या खाली ठेवला. "पी," रुखमाबाई म्हणाली. "सगळं पी. आज मोजायचं न्हाई." कमलनं तांब्या तोंडाला लावला आणि पुरता रिकामा केला. मग परत कुशीवर झाली. यशवंत दाराशी, मी पायापाशी. टाकी संपत आली होती, पंपाचा आवाज बदलला होता, आणि तो आवाज बंद पडला तेव्हा कमल म्हणाली, "हाललं."

रुखमाबाईनं हात ठेवला. मग माझा हात ओढून तिथं ठेवला. आतून एक लाथ बसली, चांगली जोराची. मला रडू आलं आणि ते मी आवरलंही नाही.

"पोटात असतानाच झटका खाऊन बसलंय," रुखमाबाई म्हणाली. "आता त्याला कशाचं भ्याव?"

त्या संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली. यशवंत आणि हे शेवटी गाण्यांबद्दल बोलले. वीज गेली होती, म्हणून यशवंतानं गाऊन दाखवलं.

भोकरच्या रस्त्यावर

सकाळी निघताना रुखमाबाई तांब्या घेऊन गाडीमागं आली आणि टाकीच्या तोंडाचं झाकण उघडायला सांगितलं.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं. "तुम्हालाच लागेल."

"भांडं रिकामं परत देऊ न्हाई," ती म्हणाली. आमच्याकडंही शेजारणीची वाटी आली तर साखर तरी घालून परत देतात. पण टाकी हे भांडं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तिनं तांब्याभर पाणी जाळीतून आत ओतलं, शेवटचा थेंब बोटानं निपटला, आणि म्हणाली, "आता जावा."

परत जाताना भोकरवरून निघालो. रस्ता खडबडीत, आणि टाकीत तांब्याभर पाणी इकडून तिकडं वाजत होतं. मी ते ऐकत होते. हेही ऐकत असावेत, कारण यांनी बॅटरीवरचा पंखासुद्धा लावला नाही.

भोकर यायच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. आजूबाजूला घर नाही, झाड नाही. तिनं आमची गाडी बघून घागर उचलून दाखवली. हे पुढं निघून गेले असते तर मी काही म्हणाले नसते. पण यांनी गाडी थांबवली.

"टँकर नाही हो हा," मी खिडकीतून म्हटलं.

ती खाली वाकली, टाकीवर बोटांनी टकटक केलं आणि कान लावला. "हाय की," ती म्हणाली. "वाजून राहिलंय."

तिथं वीज कुठली, वायर कुठून ओढणार? पंप चालणार नव्हता. पाणी हाताच्या अंतरावर होतं आणि आमच्याकडं द्यायला काही नव्हतं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली. ही गाडी आळीतल्या पोरांनी नखानं खरवडली तरी जेवण न जाणारा हा माणूस. हे रस्त्यावर उताणे झाले, गाडीखाली सरकले आणि मिस्त्रीनं बंद केलेली तोटी फोडायला लागले. घाव बसला की पत्रा थरारायचा. तिसऱ्या चौथ्या घावाला ती तुटली. बाईनं घागर आधीच खाली धरली होती. धार आली, बारीक झाली, थेंब झाले, थांबली. घागरीचा तळ जेमतेम झाकला.

हे मातीनं भरलेले बाहेर आले. आता टाकी कायमची गेली होती.

बाईनं घागर तिरकी करून आत बघितलं. मग ती कमरेवर घेतली, आमच्या मागच्या रस्त्याकडं बघितलं आणि विचारलं, "दुसरी गाडी मागून येऊन राहिली का?"

मीही मागं वळून बघितलं. रस्ता हदगावच्या बाजूला लांबवर सरळ दिसत होता, आणि त्यावर काहीही नव्हतं.